बंद डोळ्यांचे फोटो

दीपनगरच्या वसाहतीत आमचं क्वार्टर होतं. वडील वीज केंद्रात शिफ्ट ड्युटीला. राखेचा बारीक थर खिडकीवरून दिवसातून दोनदा पुसावा लागे. त्याच खिडकीशी आईचं टेबल होतं, आणि चित्र काढताना ती सारखी कागदावर फुंकर घाली.

आई गेलेल्या माणसांची चित्रं काढायची. खेड्यातल्या कितीतरी जणांचा आयुष्यात एकही धड फोटो नसे. गेल्यावर खुर्चीत बसवून, हार घालून एक काढलेला असे. डोळे मिटलेले. तो फोटो घेऊन लोक आईकडे येत, आणि आई ते डोळे उघडून देई.

वडिलांचा डबा, आमच्या शाळा, आजीची औषधं, सगळं उरकून ती दुपारी टेबलाशी बसे. आलेल्या माणसाला आधी चहा द्यायची, मग विचारायची: रागावल्या तर कशा बघायच्या? हसताना तोंडावर हात धरायच्या का?

मी दहावीत होते तेव्हा यावलकडचे एक शेतकरी बायकोचा फोटो देऊन गेले. केळीच्या बागेत राबलेला, कमी बोलणारा माणूस. फोटोत बाईंचा पदर भुवयांपर्यंत ओढलेला होता. तीन आठवड्यांनी ते चित्र न्यायला आले. मी कॉटवर अभ्यास करत होते. त्यांनी चित्र हातात घेतलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं.

आईनं पदर जरासा मागे काढला होता. डाव्या भुवईच्या वर एक तिरका वण होता.

"ताई, हे तुमाले कोनं सांगलं?"

"काय?"

"हा वण. माह्या हातून विळा लागलता तिले. लगनाच्या पहिल्या वर्षी. तिनं जन्मभर पदर खाली घेतला. पोरायलेही माहीत नाही."

आईचा चेहरा उतरला. तिनं रबर उचललं. "चुकून झालं असेल, भाऊ. पुसून देते."

"नको," ते म्हणाले. "आता दिसू द्या."

ते गेल्यावर वडिलांना सगळं कळलं. आई-वडील दोघंही शिरपूरकडचे, घरात अहिराणीच. वडील एवढंच म्हणाले, "आते बंद कर हाई."

आईनं बंद केलं. पंधरा दिवस टेबलाकडे फिरकली नाही. पण वरणात दोनदा मीठ पडायचं, आणि ती बसली असली की तिचं बोट फरशीवर हळूहळू फिरत असायचं. कुणाचा तरी गाल, कुणाचा तरी कान. शेवटी एका सकाळी वडिलांनीच ब्लेड घेऊन तिच्या सगळ्या पेन्सिलींना टोक केलं आणि ड्युटीला गेले.

पुढे मी एकदा धीर करून तिला विचारलं, तुला कोणी दिसतं का? ऐकू येतं का?

"नही वं," ती म्हणाली. "हात थांबना का माले समजस, अजून काही तरी बाकी शे."

पण चित्र काढताना ती मधेच बारीक आवाजात "हो, हो" म्हणायची. तेव्हा आम्ही घरात कुणी बोलत नसू.

वडील निवृत्त झाल्यावर दोघं माझ्याकडे धुळ्याला आले. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी, सगळ्यांना वाढून झाल्यावर, आई टेबलाशी बसल्या बसल्या गेली. समोरच्या बोर्डवर एका म्हातारीचं चित्र पूर्ण झालेलं होतं. कुणाची आई, कुठल्या गावची, काही कळेना. आम्ही घरभर शोधलं, ज्यावरून काढलं तो फोटो मिळाला नाही. त्या महिन्यात घरी कोणी चित्र सांगायला आल्याचंही आमच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं.

महिना थांबलो. कोणीच आलं नाही. मी चित्र गुंडाळून माळ्यावर ठेवायला निघाले, तेव्हा वडिलांनी ते माझ्या हातून घेतलं.

"कोनी तरी ई. तवलोंग आठे राहू दे."

कोणी येईल तोवर म्हणून त्यांनी ते फ्रेम करून आईच्या फोटोशेजारी लावलं. रोज सकाळी ते दोन हार आणतात. माझी मुलगी शाळेत जाताना दोघींनाही सांगून जाते. मी मात्र अजून त्या खोलीत कपडे बदलत नाही.