आम्ही बुडवलेल्या नऊ होड्या

किस्से कोणी साठवत नाही, ते साठतात. जाळं ओढलं की मासळीबरोबर शेवाळही वर येतंच. मी चौथी शिकलेला तांडेल. गोव्याच्या उत्तर टोकाला आमची खाडी. तिथे कोणती होडी कधी निघायची हे मी ठरवायचो. आता जर्सी सिटीत मुलाकडे राहतो. दुपारी आम्ही म्हातारे नदीकाठच्या बाकावर बसतो. यातलं काही तिथे सांगितलं, काही नाही.

*

बाकावर पुण्याचे एक रिटायर्ड डॉक्टर येतात. एकदा म्हणाले, "तांडेल, तुम्ही लढाई पाहिलीत?"

"पाहिली. गोव्याची."

"वा! म्हणजे आपल्या नेव्हीला मदत केलीत?"

"नाही. नेव्हीपासून होड्या लपवल्या!"

डॉक्टरांच्या हातातला कॉफीचा कप हातातच राहिला. आमच्यावर राज्य पोर्तुगीजांचं, समोर जहाजं भारताची. कागदोपत्री तीच परकी!

*

ती जहाजं दिसायला लागली तेव्हा चौकीवरचा पोर्तुगीजांचा शिपाई किनाऱ्यावर आला. दटावून म्हणाला, "कोणी घाबरायचं नाही. सरकार तुमचं रक्षण करील!"

मग मला बाजूला घेऊन हळूच, "तांडेल, एखादं जुनं धोतर आहे का?"

दिलं. शिपाई पुन्हा दिसला नाही. धोतरही.

*

सरकारचा भरवसा संपला. मी हुकूम काढला, नऊही होड्या दगड भरून खाडीत बुडवायच्या. लाकूड पाण्याखाली टिकतं. धोका टळला की दगड काढायचे, होडी वर.

सदू माझा जिवाभावाचा. त्याची होडी त्याच्या बापाने बांधलेली, आणि बाप नुकताच गेलेला. तो म्हणाला, "तांडेला, लढाई त्यांची. माझ्या होडीने काय केलंय?"

"मी सांगितलं ना!"

होडी पहिल्यांदा पाण्यात लोटताना आम्ही नारळ फोडतो. त्या दिवशी बुडवताना फोडले. सदूची आई म्हणाली, "चोराच्या भीतीने स्वतःचं घर जाळणारे आजच पाहिले!"

सदूच्या होडीत दगड मी स्वतः भरले. रागाने भरले.

*

लढाई दीड दिवसात आटोपली. आमच्या खाडीकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मग नेव्हीचे चार जण छोट्या बोटीतून किनाऱ्याला लागले. त्यांच्या साहेबाने विचारलं, "ताजी मासळी मिळेल?"

"होड्या नाहीत."

"कुठे गेल्या?"

"बुडवल्या."

"कोणी?"

"आम्हीच. तुमच्या भीतीने."

साहेबाने एकवार खाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सुका बांगडा तरी?"

*

आठ होड्या वर आल्या. सदूची आली ती दोन तुकड्यांत. दगडांच्या भाराने कणा मोडला होता.

लाकूड बोटाच्या पेराने वाजवून पारखतात. कुजकं असेल तर बद्द वाजतं. सगळा गाव माझ्याकडे बघत होता. चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. मी न वाजवताच म्हणालो, "तुझ्या बापाने लाकूडच कुजकं वापरलं!"

सदू एक फळी उचलून घरी गेला. पुढच्या महिन्यात गाव सोडून मुंबईला गेला, मालवाहू जहाजावर लागला.

*

तीस वर्षांनी तो याच बाकावर भेटला. त्याचाही मुलगा इथेच, शेजारच्या बिल्डिंगमध्ये. मी एका टोकाला, सदू दुसऱ्या, मध्ये डॉक्टर.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही दोघं गोव्याकडचेच ना? ओळख असेल!"

"नाही!" आम्ही एकदमच म्हणालो. तीस वर्षांत आमचं एकमत झालं ते तेवढंच.

*

एका मे महिन्यात नदीत लढाऊ जहाजं आली, लोकांनी बघावीत म्हणून. काठावर ही गर्दी! डॉक्टर फोटो काढायला उठले. मधली जागा रिकामी झाली.

सदू जहाजांकडे बघत म्हणाला, "तांडेला, ह्या खेपेला काय बुडवायचं?"

चूक झाली, एवढंच मला सांगायचं होतं. शब्द ओठाशी आला, आणि डॉक्टर परत आले.

*

त्या हिवाळ्यात सदू बाकावर यायचा थांबला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी झालंय, फार दिवस नाहीत. मी त्याच्या घरी गेलो. त्याच्या सुनेने दार उघडलं. "या काका. त्यांना फार बोलू देऊ नका हं."

बोलायचं मलाच होतं. लिफ्टमध्ये वाक्य पाठ केलं होतं.

सदू पलंगावर होता. खोलीत सगळं फर्निचर नवं. फक्त उशाशी देव ठेवलेली फळी जुनी, काळी. तिच्या कडेला होडीच्या फळ्या सुंभाने शिवतात तसली भोकं.

"सदू..." मी म्हणालो. पुढचं आठवेना.

त्याने फळीकडे बोट केलं. "वाजव."

मी वाजवली. खणखणीत वाजली.

सदूने डोळे मिटले. म्हणाला, "पुन्हा."