लाह मोडली तो दिवस

वेठ कशी ओळखायची हे मला तीन प्रश्नांत शिकवलं होतं. कामाची मजुरी मिळते का? शेत कोणाचं? नाही आलं तर चालतं का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’, दुसऱ्याचं ‘दुसऱ्याचं’ आणि तिसऱ्याचं ‘चालत नाही’ असं आलं की झाली वेठ सिद्ध. आमच्या चळवळीच्या पत्रकाच्या मागच्या बाजूला हे छापलेलं होतं. मी ते तळोद्याच्या बाजारात ओरडून सांगितलं होतं, सोयऱ्यांच्या लग्नात पंगतीला बसलेल्यांना सांगितलं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. मॅट्रिकला इंग्रजीत नापास झालो आणि लगेच सरकारच्या विरोधात गेलो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मी तेव्हा न विचारताच सांगत असे.

घर आमचं तापीकाठी. बागायत कमी, पण काळी जमीन, कापूस चांगला. वडील सांगत, “पोऱ्या, चळवळ कर, नही म्हनत नही. पन कपाशी येचाना दिनमा घर ऱ्हाय.” मी ऐकत नसे. माझ्यासारख्या माणसाने कापूस वेचत बसायचं म्हणजे देशाचं नुकसान, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं.

त्या वर्षी कार्तिक संपता संपता आमच्या मुख्य कार्यकर्त्यांनी मला डोंगरात पाठवलं. वरच्या गावांमध्ये जंगलखात्याची माणसं आदिवासींकडून फुकट लाकडं तोडून घेतात, ओझी वाहून घेतात, हे खरं होतं. ते मी पुढेही डोळ्यांनी पाहिलं, त्यातलं मी एक अक्षर मागे घेत नाही. मला सांगितलं होतं, “वेठीचे पुरावे आण. आणि जिथे दिसेल तिथे बोल. गप्प बसू नकोस.” गप्प बसण्याचा तसा प्रश्नच नव्हता.

तळोद्याहून पायी निघालो, एक मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका पाड्यावर पोचलो. चढावर ज्वारीचं एक शेत होतं, कणसं भरून वाकलेली. वीस-बावीस माणसं, बाया, पोरंसोरं ओळीने कापत चालली होती. बांधावर चाळिशीची एक बाई कमरेवर हात ठेवून उभी. तिच्या शेजारी चुलीवर मोठं मडकं. ती काही तरी ओरडे आणि कापणारे हसत, पण हात आणखी भरभर चालवत. मी हसणं पाहिलंच नाही. ओरडणं तेवढं ऐकलं.

कडेच्या एका पोराला मी विचारलं, “मजुरी किती?”

तो गोंधळला. “मजुरी? नाही.”

“शेत कोणाचं?”

त्याने हनुवटीने त्या बाईकडे दाखवलं.

“आणि आला नाहीस तर?”

तो म्हणाला, “असं कसं? यावंच लागतं.”

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? तीन प्रश्न, तीन उत्तरं, छापल्यासारखी. शेताच्या मधोमध पाखरं राखायचा माळा होता. मी त्यावर चढलो आणि शाळेत शिकलेल्या मराठीत भाषण ठोकलं. बंधूंनो, भगिनींनो, कोणाच्याही शेतात फुकट राबण्याची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. आजपासून हे काम बंद. या क्षणापासून बंद!

माणसं थांबली. एकमेकांकडे पाहिलं. विळे कमरेला खोचले आणि एकेक करून डोंगर उतरून निघून गेली. मडक्यात डाळ रटरटत होती. ती बाई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जमीनदाराचा संताप शोधत होतो मी. मला तो सापडत नव्हता, आणि मी तो आहे असं धरून चाललो होतो. बांधावरच्या एका झाडाखाली बसून मी अहवाल लिहिला आणि बाजाराला उतरणाऱ्या एकाबरोबर खाली तळोद्याला धाडून दिला. माझ्या आयुष्यातलं पहिलं भाषण, आणि वीस माणसांनी काम टाकलं! मला अगदी भरून आलं होतं.

दुपारी गावचा कारभारी आला. म्हातारा, अंगावर लंगोटी नि पांघरूण, पण बाजाराची अहिराणी सराईत बोले. माझ्यासमोर उकिडवा बसला.

“साहेब,” तो म्हणाला, “शेत जप्त व्हयनं का?”

“कोणतं शेत?”

“हाई. तुम्ही म्हनात ना, काम बंद. जंगलवालास्कडे शेत गयं का मंग? दंड कितला?”

मला आधी कळेना. मग कळलं आणि कान तापले. पांढरे कपडे, पायात वहाणा, हातात कागद, तोंडात शाळेची मराठी. असा माणूस त्यांच्याकडे एकाच कामासाठी येतो, हुकूम सांगायला. ती माणसं माझं भाषण पटून गेली नव्हती, भिऊन गेली होती. ज्या भीतीविरुद्ध मी बोलायला आलो होतो, तीच मी माळ्यावर चढून त्यांना दिली होती.

“मी साहेब नही,” मी म्हणालो. “मी वेठ बंद कराले ऊनू.”

“वेठ?” म्हातारा हसला, दात नव्हते त्याला. “आरे, हाई लाह शे.”

आणि त्याने समजावलं. मनुष्य एकटा, पीक मोठं. मग सगळ्यांनी मिळून एक दिवस एकाचं शेत कापायचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. मजुरी नाही. ज्याचं शेत त्याने जेवू घालायचं आणि आलेल्यांच्या पंगतीत स्वतः बसायचं. ज्याने तुझ्याकडे एक दिवस दिला, त्याला तू एक दिवस द्यायचा. हीच लाह. या बाईचा नवरा मागच्या उन्हाळ्यात वारला होता. महिनाभर ती सगळ्यांची शेतं कापत फिरली होती. आज तिची पाळी होती.

“मग उद्या या म्हणावं सगळ्यांना,” मी म्हणालो.

“उद्या दुसरानी पाळी. परवा तिसरानी. शेवटपावत लागेल शे. आते हाई बाईनी पाळी गयी.”

“मग तिच्या ज्वारीचं काय होणार?”

त्याने डोंगराकडे बोट केलं. “डुकरं खातीन.”

एवढ्या सरळपणे सांगितलेलं मी सहन करू शकलो नाही. त्याने रागवायला हवं होतं. शिवी द्यायला हवी होती. मी तिथल्या तिथे विळा मागितला. मी कापतो म्हणालो. म्हाताऱ्याने बाईला त्यांच्या बोलीत सांगितलं. ती इतकी हसली की बांधावर बसली.

तीन दिवस मी कापत होतो. शेतकऱ्याचा मुलगा, पण आयुष्यात विळा हातात धरला नव्हता. आमच्याकडे ते सालदार करतो, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. पहिल्या दिवशी डाव्या हाताची करंगळी कापली. दुसऱ्या दिवशी तळव्यांना फोड. ती बाई माझ्या शेजारून तीन ओळी घेऊन पुढे जाई आणि वळून म्हणे, “अरे, ज्वारीचं ताट कापतोस का त्याला गोंजारतोस?” बाजाराची थोडी अहिराणी, थोडी तिची भिलोरी, आणि मला शरम वाटेल एवढं त्यातलं सगळं समजत होतं. तिने मला विचारलं, तुला बायको आहे का. नाही म्हटल्यावर म्हणाली, “बरं झालं, उपाशी मेली असती.”

रात्री डुकरं आलीच. वरच्या अंगाची ज्वारी लोळवून गेली. चौथ्या दिवशी सकाळी जे उरलं होतं ते कापून झालं, पण पिकाचा तिसरा हिस्सा तरी गेला होता. तिने खळ्यावरची रास नुसती नजरेने मापली. मी म्हणालो, “माफ कर.” तिला तो शब्द कळला नाही, किंवा कळून तिने सोडून दिला.

एक गोष्ट मात्र मला त्या तीन दिवसांत नीट उलगडली नाही, ती सांगून टाकतो. एक माणूस ताप अंगात घेऊन दुसऱ्याच्या लाहेला गेलेला मी पाहिला. “घरी पडायचं ना,” मी म्हटलं. तो म्हणाला, “नाही गेलो तर माझ्याकडे कोण येईल?” मग ही सक्ती नव्हे? सक्ती असेल, तर मी भाषण केलं त्यात काय चुकलं? आणि चुकलं नसेल, तर त्या बाईची ज्वारी डुकरांनी का खाल्ली? पत्रकाच्या मागच्या बाजूला चौथा प्रश्न नव्हता.

तळोद्याला आलो तर माझा अहवाल छापून झालेला. ‘वीस वेठबिगारांनी विळे खाली ठेवले.’ मी मुख्य कार्यकर्त्यांना खरी हकीकत सांगितली. ते म्हणाले, “तपशील सोड रे. तत्त्व बरोबर आहे ना?” मी चिडलो, भांडलो, आणि घरी निघून आलो. कापूस वेचणीचे दिवस होतेच.

महिनाभराने, सकाळी शेतावर गेलो तर ती बाई आमच्या कपाशीत! कमरेला ओटी बांधलेली, दोन्ही हातांनी कापूस वेचत, सालदाराच्या बायकोच्या शेजारच्या ओळीत. दोन दिवस चालत आली होती. बाजारात विचारत विचारत गाव काढलं होतं.

“तू इथे कशाला?” मी ओरडलोच.

“एक दिवस द्यायचा आहे तुला,” ती म्हणाली. हात थांबवला नाही.

“मी तीन दिवस—”

“तुझे तीन म्हणजे आमचा एक.”

बांधावर वडील उभे होते. त्यांनी मला हाक मारली. “हाई बाई कोन शे? सकायपासून येची ऱ्हायनी. मजुरी ईचारी ते नको म्हनस. फुकट कोन काम करस? काही तरी पोटमा शे तिन्हा.”

मी सांगितलं. त्यांना ते तितकंच समजलं जितकं मला डोंगरात समजलं होतं. आणि मी काय पाहत होतो? एक आदिवासी बाई माझ्या बापाच्या शेतात मजुरीशिवाय राबते आहे, आणि मी, वेठ बंद करणारा, बांधावर उभा आहे. तिला थांबवलं तर तिचा दिवस अंगावर राहतो, तो अपमान. न थांबवावं तर हे उघड्या डोळ्यांनी बघत राहायचं. मी ओटी बांधली आणि त्या दोघींच्या शेजारच्या ओळीत शिरलो. वडिलांनी कपाळाला हात लावला.

सालदाराच्या बायकोला त्या बाईशी बोलता बोलता सगळं कळलं होतं. वेचता वेचता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “दादा, तिन्हा शेतमा तुम्ही दिन दिधा, तो ती फेडी ऱ्हायनी. चांगलं शे. मी तुम्हना घरना गोठा रोज झाडस, शेन काढस. तो दिन कोन फेडी?”

खोचून नव्हतं ते. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला गोठा आठवला. तो रोज झाडलेला असतो एवढंच मला माहीत होतं, कोण झाडतं हे मी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं. मी बोंडं वेचत राहिलो.

दुपारी आईने भाकरी पाठवल्या, मजुरांना पाठवतात तशा, निंबाखाली. ती बाई हात धुऊन बसली, पण भाकरीला हात लावेना. मी समोर बसलो. तोडली एक.

ती म्हणाली, “शेत तुझं का?”

“आमचं.”

“तुझं का?”

“वडिलांचं.”

“मग त्याला बोलव. ज्याचं शेत, तो जेवायला बसतो. नाही तर दिवस फिटत नाही.”

मी वडिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोंड फिरवलं. “सालदारसंगे मी कधी बठनू नही. आते हिन्हासंगे बठू? गाव काय म्हनी?” मी म्हणालो, गाव गेलं खड्ड्यात. ते म्हणाले, “गावमा तू ऱ्हास का मी?” मी तर वर्षातले आठ महिने दुसऱ्यांच्या गावांना त्यांनी कसं वागावं ते सांगत असे.

शेवटी घरून आई आली. कोणी सांगितलं तिला कोण जाणे. आली ती थेट निंबाखाली बसली, पदर सावरून, जरा अंतर ठेवून. “मन्हा दारवरतीन कोनी उपाशी गयं नही,” एवढंच म्हणाली आणि त्याच फडक्यातल्या भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला. बाईने तिच्याकडे पाहिलं. लांब बांधावर पाठमोऱ्या उभ्या असलेल्या वडिलांकडे पाहिलं. मग जेवली, चांगली दोन भाकरी जेवली, आणि संध्याकाळपर्यंत वेचत राहिली.

जाताना आईने ज्वारी बांधून दिली, ती तिने घेतली नाही.

“फिटला ना दिवस?” मी विचारलं.

“अर्धा,” ती म्हणाली. “शेत त्याचं. जेवली ती.” आणि उत्तरेला चालू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील ओट्यावर बसले होते. मला वाटलं आता शिव्या. मी उत्तरं तयार करून ठेवली होती, चांगली जहाल.

“ती आखो येई का?” त्यांनी विचारलं.

“अर्धा दिवस बाकी आहे. येईल.”

त्यांनी पायातला काटा काढल्यासारखं करून खाली पाहिलं.

“मंग जेवाले मी कोठे बठू?”

ते टोमणा मारत होते की खरंच विचारत होते, मला ओळखता आलं नाही.