रिकाम्या स्टँडमधली गर्दी

मीराचा फोन आला तेव्हा मी जिन्यात बसून कोरियातली बेसबॉलची मॅच बघत होतो. लॅपटॉप मांडीवर, आवाज बंद. कुंदामावशी हॉस्पिटलमध्ये होत्या, आणि अँब्युलन्समध्ये चढताना मास्कच्या आतून त्यांनी मला एवढंच बजावलं होतं, "मॅच चुकवू नकोस. आल्यावर सगळं सांगायचंस मला." म्हणून मी बघत होतो. मीरा त्यांची मुलगी, एडिनबरात असते. जन्म इकडे इंग्लंडातलाच, त्यामुळे मराठी जरा धडपडत चालतं. ती म्हणाली, "गौरव, आई गेला." मग थोडं थांबून, "आत्ताच. They just rang me." एरवी मी तिचं मराठी पकडून आठवडाभर तिला चिडवलं असतं. त्या दिवशी नुसतं "हो" म्हणालो. स्क्रीनवर बॉल उंच उडाला आणि प्रेक्षकांच्या स्टँडमध्ये जाऊन पडला, जिथे एकही माणूस नव्हता. नुसते पुठ्ठ्यावर छापलेले चेहरे खुर्च्यांना बांधून ठेवले होते. बॉल त्यातल्या एका बाईच्या कपाळावर बसला. ती हसतच राहिली.

कुंदामावशी माझ्या कोणी नात्यातल्या नव्हत्या. मी मंगळवेढ्याचा, शाळा तिथलीच, कॉलेज पुण्याला, आणि आयटीच्या नोकरीनं इंग्लंडात बेसिंगस्टोकला आणून टाकलेला. त्यांच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली होती. त्या लग्न होऊन इथे आल्या त्याला जमाना झाला, आणि सगळी नोकरी त्यांनी ट्रॅफिक वॉर्डन म्हणून केली. म्हणजे चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांवर तिकीट चिकटवणाऱ्या बाई. कॉलनीतल्या आपल्या लोकांनाही त्यांनी सोडलं नव्हतं. गणपतीच्या आरतीला आलेल्या एका डॉक्टरसाहेबांच्या गाडीला त्यांनी तिकीट लावलं आणि मग आत येऊन त्यांनाच प्रसाद दिला, ही गोष्ट मला किमान पाच जणांनी सांगितलीय. समोरचा कितीही गयावया करू दे, मावशींचं उत्तर ठरलेलं. आधी "नाही." मग एक पॉझ, ज्यात माणसाला वाटावं की बाई विरघळल्या. आणि मग, शांतपणे, "मी बघितलंय." विषय संपला. मला लहानपणापासून नकला करायची खोड. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरात तो "नाही, मी बघितलंय" करून दाखवला. त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "पॉझ छोटा घेतलास. इतक्या लवकर मी कोणाला घाबरवत नाही."

मग साथ आली. मावशींचं हार्ट अर्धंच काम करत होतं, त्यामुळे बाहेर पडू नका, घरातल्यांपासूनही लांब राहा असं त्यांना सरकारी पत्र आलं. नियम म्हटल्यावर बाईंना हुरूप. लाउंजच्या दारात त्यांनी पिवळी टेप चिकटवली आणि मला सांगितलं, "ही डबल यलो लाइन, रस्त्याच्या कडेला असते ती. इथे थांबायचं नाही." त्या लाउंजमध्ये, मी बाहेर जिन्यात. दार अर्धं उघडं. मला त्यांच्या खुर्चीचा हात दिसायचा, आणि त्यावर त्यांचा हात. ऑफिसनं मला फर्लोवर टाकलं होतं, म्हणजे घरी बसा, बोलावू तेव्हा या. टीव्हीवर सगळीकडे जुन्या क्रिकेट मॅच लावत होते. मावशींना त्या बघवेनात. म्हणाल्या, "कोण जिंकलं ते मला माहितीये. जे होऊन गेलंय ते काय बघायचं? जगात कुठेतरी आत्ता काहीतरी चालू असेल, ते लाव." मी शोधत बसलो. सगळं जग बंद. मे महिन्यात एक कोरियाची बेसबॉल लीग तेवढी उशिरानं, प्रेक्षकांशिवाय सुरू झाली. तिकडे संध्याकाळ, आमच्याकडे सकाळचा चहा. मी लिंक टीव्हीला जोडून दिली. खेळातलं आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नव्हतं.

पण मावशींना अंपायर आवडला. पिचर बॉल फेकतो, बॅट्समननं मारला नाही तर मागे उभा असलेला अंपायर सांगतो, नीट पडला की नाही. दर बॉलला निकाल. आणि तिथले खेळाडू अंपायरसमोर वाकून नमस्कार करतात. "बघ," मावशी म्हणाल्या, "मला आख्ख्या नोकरीत कोणी मान लववली नाही. शिव्या दिल्या, एकानं सँडविच मारलं फेकून." जी टीम सगळ्यात खाली होती ती त्यांनी आपली म्हणून निवडली, कारण त्यातली पोरं सगळ्यात खोल वाकायची. ती पोरं रोज हरत होती. वाकून हरत होती.

त्या मॅचमध्ये एक विचित्र गोष्ट होती, जी तुम्ही स्वतः बघितल्याशिवाय कळणार नाही. स्टँडमध्ये माणसं नाहीत, पण रिकामंही नाही. पुठ्ठ्याचे चेहरे, मधेच टेडी बेअर, कापडी ससे, सगळे मैदानाकडे तोंड करून. एक पोरगा त्यांच्यासमोर स्टेजवर उभा राहून ढोल वाजवायचा, ओरडा म्हणायचा, हात कानाशी नेऊन उत्तराची वाट बघायचा. मी पहिल्या दिवशी खूप हसलो. दुसऱ्या दिवशी कमी. मावशी मात्र नोकरीच्या सवयीनं हजेरी घ्यायला लागल्या. "तो टोपीवाला काल डावीकडे होता." "अहो मावशी, पुठ्ठा आहे तो." "असेल. पण हलला. आणि तिसऱ्या रांगेतली लाल स्कार्फवाली आज आली नाही." मी जिन्यातून मान लांब करून बघायचो. खरंच तिथे मोकळी खुर्ची असायची. त्या मग अख्खी मॅच त्या खुर्चीकडे बघत बसायच्या.

कोरियन कॉमेंटरी कळेना म्हणून त्यांनी आवाज बंद केला, आणि मला कामाला लावलं. "तू कर गर्दी." मग मी केली. जिन्यात बसून मी स्टँड भरला. शेंगदाणे विकणारा आणला, रडणारं पोरगं आणलं, त्याला दटावणारी आई आणली, एक खोकणारे आजोबा आणले. आजोबांना मावशींनी लगेच हाकललं, "खोकणारा नको. त्याला घरी बसव." आमच्या मंगळवेढ्यातल्या हेडमास्तरांना मी पुढच्या रांगेत बसवलं. मावशी हसायच्या तेव्हा खुर्चीच्या हातावरचा हात हलताना दिसायचा. बॉल पडला की मी गर्दी थांबवायचो, कारण तिथे त्यांची जागा होती. अंपायरच्या आधी आतून आवाज यायचा, "नाही... मी बघितलंय." नव्वद टक्के बरोबर असायच्या. उरलेल्या वेळी अंपायर चुकलेला असायचा.

जूनमध्ये एकदा त्या म्हणाल्या, "माधवला बसवशील?" माधवकाका म्हणजे त्यांचे मिस्टर. मी यायच्या कितीतरी आधी गेलेले. मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शनिवारी गावाच्या क्लबची क्रिकेट मॅच बघायला काका घडीची खुर्ची घेऊन बसायचे, आणि कोणी कॅच सोडला की एवढंच म्हणायचे, "असू दे, असू दे." मावशी म्हणाल्या, "मी दिवसभर लोकांना असू दे म्हणायचं नाही म्हणून पगार घ्यायचे, आणि घरी हा. इतका राग यायचा मला." मग त्या मला शिकवायला लागल्या. मी म्हणायचो, त्या दाराआडून दुरुस्त करायच्या. "जरा खाली." "इतकं गोड नाही, तो काही कीर्तनकार नव्हता." "नाकातून. पहिलं असू दे खेळाडूला, दुसरं स्वतःला." हे असं कित्येक सकाळी चाललं. आणि एका सकाळी कोणीतरी सोपा कॅच सोडला आणि माझ्या तोंडून ते निघालं. मलाच कळलं, की हे वेगळं आलं. आपण नक्कल करतो तेव्हा आपल्याला आपण ऐकू येत असतो. त्या वेळी मी नव्हतोच. खुर्चीच्या हातावरचा हात उलटा झाला, तळवा वर... कोणी हातात हात द्यावा तसा. बराच वेळ तसाच राहिला. मी पुढची गर्दी केलीच नाही.

त्यानंतर मावशी रोज माधवकाकांना मागायच्या. मीही द्यायचो. पोरगं, शेंगदाणेवाला, हेडमास्तर सगळे हळूहळू मागे पडले. आता जिन्यातून एकच माणूस बोलायचा, आणि लाउंजमधून त्याच्याशी बोलणं व्हायचं. "चहा घेतलास का?" असं त्या विचारायच्या, आणि मला कळायचं नाही, मला विचारलंय का. मला त्या 'अरे मेल्या' म्हणायच्या. ह्या विचारण्यात 'मेल्या' नसायचं.

मग ती सकाळ. मी मागच्या गार्डनमध्ये कपडे वाळत घालत होतो. आत आलो तर मावशी लाउंजमधून म्हणाल्या, "आज अगदी बरोबर जमलं. अगदी नाकातून." मी म्हणालो, "काय जमलं?" "असू दे रे. आत्ता म्हणालास ते." माझ्या हातात कपड्यांचे चिमटे होते. मी म्हणालो, "मावशी, मी बाहेर होतो." टीव्हीचा आवाज बंदच होता. मैदानावर खेळाडू वाकून अंपायरची माफी मागत होता, मागे ते सगळे चेहरे. मावशींना डुलकी लागली असेल असं मी मनाला सांगितलं, पण हात ताठ होता, जागा होता.

संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात बोलावून घेतलं. म्हणाल्या, "आजपासून गेलेल्या माणसाचा आवाज काढायचा नाही."

"घाबरलात?"

"नाही रे. आवडलं, म्हणूनच नको. आज दुपारभर मी त्याचा आवाज आठवायला बसले. लग्नातला, भांडणातला, शेवटचा. सगळीकडे तूच बोलतोस, मेल्या."

त्या म्हणाल्या, "आणि मी गेल्यावर माझाही काढायचा नाही. कोणी मागितला तरी."

"तुम्ही कुठे निघालात? सीझन संपायचाय अजून."

"विषय बदलू नकोस. हो म्हण."

"हो."

पॉझ. मग, "मी ऐकलंय."

ऑगस्टमध्ये त्यांच्या छातीत पाणी झालं. बाकीचं सुरुवातीला सांगितलंच. फ्युनरलला मोजकीच माणसं, लांब लांब खुर्च्यांवर बसलेली, मधल्या खुर्च्या रिकाम्या. मी बसल्या बसल्या कोण आलंय, कोण नाही ते बघत होतो. मावशींचीच सवय लागली होती. नंतर मीरा घरी आली. टेप ओलांडून सरळ लाउंजमध्ये गेली आणि आईच्या खुर्चीत बसली. मी जिन्यातच थांबलो. का ते मला सांगता येणार नाही. आत जावंसं वाटेना. मला परत तो खुर्चीचा हात दिसत होता आणि त्यावर एक हात.

ती म्हणाली, "गौरव, तू आईचा आवाज करतोस ना? आई सांगायची फोनवर. एकदा कर ना. Just once."

मी म्हणालो, "नाही करता येणार."

"माझ्याकडे काहीच नाहीये. Voicemail आहेत, त्यात फक्त call me back. ते पण इंग्लिशमध्ये. मला ओरडतो ना, तसा पाहिजे. मराठीत."

मला तो करता येत होता. जिभेवर होता, पॉझसकट. ती रडत होती आणि मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी तिला मावशींचं आणि माधवकाकांचं सगळं सांगितलं, तिच्या बाबांचा आवाज कसा माझा होऊन बसला ते. ती म्हणाली, "That was her. मी वेगळा आहे. मला चालेल." मी परत नाही म्हणालो. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या घरातलं काहीतरी खिशात घालून बसलोय. आणि एका अर्थी बसलोच होतो. ती एडिनबराला परत गेली ती मला न सांगताच. टॅक्सीचा दरवाजा ऐकू आला तेवढाच.

घर विकलं जाईपर्यंत मी इथेच आहे. मॅच चालूच आहेत, टीम अजून तळालाच आहे. मी जिन्यात बसून बघतो. लाउंजचं दार अर्धं उघडं ठेवतो. पूर्ण उघडलं की खुर्ची दिसते, बंद केलं की आत काय चाललंय कळत नाही.

गेल्या शनिवारी सकाळी फोन वाजला. मीरा. भांडणाचा विषय नाही, काही नाही. "ते baseball लागलंय का? मला पण link दे." मी दिली. फोन स्पीकरवर, शेजारी पायरीवर. तिनं नियम विचारले, मी सांगितले. ती म्हणाली, "हे लोक कोण आहेत मागे? So creepy." मी म्हणालो, थांब. आणि खूप दिवसांनी हळू आवाजात गर्दी केली. शेंगदाणेवाला, पोरगं, हेडमास्तर. ती हसली. पिचरनं बॉल टाकला. सवयीनं मी गर्दी थांबवली. अंपायरचा हात अजून हलला नव्हता.

"नाही," फोनमधून आवाज आला. मग पॉझ. मी घेतो त्यापेक्षा मोठा. "मी बघितला आहे."

व्याकरण मीराचं होतं. बाकी काहीच तिचं नव्हतं. मी लाउंजच्या दाराकडे बघितलं, इतका तो आवाज तिथला होता. जिन्यात उन्हाचा पट्टा होता, खाली बिनमध्ये काचेच्या बाटल्या टाकत होतं कोणीतरी, सगळं अगदी रोजच्यासारखं.

"काय झालं? तू गप्प का?" मीरानं विचारलं. आता परत तिच्या आवाजात.

"काही नाही. अंपायर तुझ्यासारखंच म्हणाला."

तिला मी सांगितलेलं नाही. नकला करणाऱ्यांना हे माहीत असतं, की माणसाला त्याची लकब दाखवली की त्याला ती ऐकू यायला लागते, आणि मग ती त्याच्याकडून पुन्हा कधी खरी निघत नाही. मी सांगितलं तर ती रात्रंदिवस स्वतःतच आईला शोधत बसेल, आणि ती सापडायची बंद होईल. मीराला मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिलं. वाचणाऱ्यांपैकी कोणी तिला ओळखत असेल, तर कृपा करून बोलू नका.

पुढच्या शनिवारी परत मॅच आहे, ती फोन करणार आहे. मी गर्दी करीन. बॉल पडला की गप्प बसेन.