एकट्यानं खाल्लेलं

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी नागपूर सोडलं. स्टेशनवर आई जवसाच्या चटणीचा डबा खिडकीच्या गजांतून आत कोंबत होती. डबा काही जाईना आणि ही बाई काही हटेना. शेवटी बाबांनी तो दारातून आणून दिला. "एमेस्सी झाली अन् आता उधई पाळाले चालली!" असं म्हणत त्यांनी डोळे पुसायला चष्मा काढला. उधई म्हणजे वाळवी. गाडी हलली तरी आईचं एकच चाललेलं: "एकटी नको जेवू वं बाई. एकट्यानं खाल्लेलं आंगी लागत नाही."

देहरादूनच्या प्रयोगशाळेत मला लाकडातली वाळवी वाढवायची होती. वर्षाअखेर ती जगली तर शिष्यवृत्ती पुढे चालू, नाहीतर चला घरी! हॉस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी एकीने आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, जरा हळू. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातली पोर मी, मला तो हळू आवाज बरोबर कळला. दुसऱ्या दिवसापासून ताट उचलून खोलीत नेऊ लागले. पोटभर जेवत होते, तरी ब्लाउज ढगळ होत चालले होते.

इकडे वाळवीचीही तीच गत. कात टाकली की पिल्लं मऊ, पांढरी, अगदी केविलवाणी दिसत. गर्दीत चिरडतील म्हणून मी एकेकाला वेगळ्या काचेच्या डबीत ठेवलं, ओलं लाकूड दिलं. खायची की चांगली! पोट टम्म, आणि तरी मरायची. मी ट्रंक भरायला काढली.

आमच्या प्रमुख डोभाल मॅडम, पक्क्या पहाडी. डबी उजेडात धरून ओरडल्याच, "अरे, अकेला रख दिया बेचारों को?" लाकूड वाळवी स्वतः पचवत नाही, तिच्या आतड्यातले सूक्ष्मजीव पचवतात. कात टाकताना आतड्याचं अस्तरही निघून जातं, आणि त्याबरोबर तेही. मग घरातल्याच दुसऱ्या वाळवीच्या ढुंगणाशी चाटून ते परत पोटात घ्यावे लागतात. तेव्हा कुठे अन्न लागू पडतं आणि पिल्लू वाढतं. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, बरं का! उरलेल्या प्रत्येक पिल्लाजवळ आम्ही जुन्या वाळव्या सोडल्या. काही दिवसांत ती तुरुतुरु पळू लागली. मला आई आठवली, मी खो खो हसले आणि हसता हसता रडले.

त्याच दुपारी मेसमध्ये ताट घेऊन त्या आडनाववालीच्या समोर बसले आणि चटणीचा डबा दाणकन टेबलावर ठेवला. तिने जरा थांबून चिमूटभर घेतली. नाकाडोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाली, "और है?" ट्रंक परत पलंगाखाली गेली.

सुट्टीत घरी हे सांगितलं तर बाबा भडकले. "छ्या! जेवताना काय सांगून राहिली वं?" आईचा मात्र थाट बघावा! "मंग मी काय सांगतलं होतं? त्याच्यासाठी देहरादूनले जा लागते काय?"

मी तिला पुढचंही सांगितलं. पंख फुटलेली वाळवी घर सोडून उडते, तेव्हा पोटात घरचेच सूक्ष्मजीव घेऊन जाते. नव्या जागी पिल्लं झाली की आईबाप तेच त्यांना भरवतात. त्याशिवाय ती वाढत नाहीत. आईने तव्यावरची भाकर उलटली. मग म्हणाली, "म्हंजे तू आता तिकडंच राहणार." आणि माझ्या ताटात आणखी एक भाकर टाकली.

राहिले खरी तिकडेच, तिथेच नोकरी लागली. आई जाऊन दोन वर्षं झाली. नागपूरला आले की घरचे सगळे माझं पाहुणीसारखं करतात, त्याचा रागही येतो आणि बरंही वाटतं. घर कुठे म्हणाल तर मला धड सांगता येत नाही.

यंदा आमच्या प्रयोगशाळेत मणिपूरची एक नवी मुलगी आली आहे. परवा मी मेसमध्ये जेवत होते, तर ती ताट उचलून गुपचूप खोलीकडे निघाली होती. अख्ख्या मेससमोर माझ्या तोंडून आईचाच आवाज निघाला, "एकटी काहून जेवून राहिली वं? इकडे ये!"

तिला मराठीचं अक्षर कळत नाही. ती आली, समोर बसली. मी डबा पुढे सरकवला.