पाचवी तार

सकाळी साडेपाचला, अंथरुणात पडल्या पडल्या, लिफ्टवाल्याला उत्तर सापडलं आणि तो चक्क खूश झाला. काल संध्याकाळी लेकीच्या मोटारसायकलचा फ्यूज तीनदा उडाला होता. तीनही वेळा गाडी जिन्याखालून काढताना नाहीतर परत आत लावताना. म्हणजे हँडल पूर्ण वळवल्यावर. म्हणजे दोष बॅटरीत नाही आणि दिव्यातही नाही. हँडलच्या मानेपाशी तारांचा जुडगा लोखंडाला घासत होता आणि त्यातली एखादी तार उघडी पडली होती. इतकी साधी गोष्ट होती. चिकटपट्टीचे चार वेढे दिले की काम संपलं. तो कालच्याच कपड्यांत उठला, चिकटपट्टी घेतली, उरलेला एकुलता एक फ्यूज खिशात टाकला आणि पायात चपला सरकवून खाली गेला. जिन्याखाली गाडी नव्हती.

क्षणभर त्याला वाटलं, चोरीला गेली. खरं सांगायचं तर गाडी चोरीला गेलेली त्याला त्या क्षणी चालली असती.

तो धावत वर आला. बायको ओट्यापाशी चहा गाळत होती.

"गाडी कुठाय?"

"गेली की ती पाचलाच. मैत्रिणींनी आठाऐवजी पाचला निघायचं ठरवलं, ऊन लागतं म्हणून. तुम्ही काल गाडीशी झगडून दमला होतात, म्हणून म्हणाली, बाबांना झोपू दे."

लिफ्टवाला भिंतीला टेकला. चिकटपट्टी हातातून सुटून घरंगळत पलंगाखाली गेली.

आता हा माणूस इतका का घाबरला ते समजायचं, तर त्याचा धंदा समजून घ्यायला हवा. बत्तीस वर्षं तो लिफ्टा दुरुस्त करत होता. लिफ्टचं दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही, अशी सोय केलेली असते. पण दुरुस्ती करणाऱ्याला कधीकधी दार उघडं ठेवूनच ती हलवून बघावी लागते. त्यासाठी तो एक हातभर तार वापरतो. तिच्या दोन्ही टोकांना चिमटे असतात. ही तार लावली की लिफ्टला वाटतं दार बंद आहे. काम झालं की तार काढायची. काढायला विसरलात, तर लिफ्ट दार उघडं टाकून वर निघून जाते, आणि मागून येणारा माणूस आपल्याच नादात लिफ्टच्या रिकाम्या विहिरीत पाय टाकतो.

लिफ्टवाल्याला ज्याने काम शिकवलं, त्या उस्तादाचे तीन नियम होते. तारा पाचच बाळगायच्या, पाच मोजून न्यायच्या, पाच मोजून आणायच्या. प्रत्येक तारेला वीतभर लाल पट्टी शिवलेली हवी, म्हणजे ती कुठेही लावली तरी लोंबताना दिसते. आणि दुरुस्तीनंतरची पहिली फेरी ज्याने दुरुस्ती केली त्याने, एकट्याने. बाकी कुणाला नंतर. एका माणसाच्या मयतीहून परत आल्यावर उस्तादाने हे नियम केले होते, आणि त्या माणसाबद्दल तो कधीही बोलला नाही.

लिफ्टवाल्याने बत्तीस वर्षांत एकही नियम मोडला नव्हता. मोडायची सोयच नव्हती, कारण घरात मुकादम होती. लेक पाच वर्षांची झाली तेव्हापासून तो संध्याकाळी आला की दार अडवून उभी राहायची. "किती?" "पाच." "दाखवा." मग बोट लावून मोजायची. हिशेब जुळला तरच आत प्रवेश. त्याने तिचं नावच मुकादम ठेवलं होतं. मुकादम आता चोवीस वर्षांची होती, चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासत होती, तरी दारातली मोजणी चुकली नव्हती.

फक्त काल चुकली होती. काल तो आला तो पिशवी जिन्याखालीच टाकून थेट गाडीला भिडला. लेक बुधवारीच म्हणाली होती, "बाबा, गाडी मध्येच बंद पडतेय. गॅरेजला टाकू का?" त्यावर हे महाशय म्हणाले, "घरात मेकॅनिक असताना गॅरेज? बाप काय मेलाय का?" झालं. बुधवार गेला, गुरुवार गेला, आणि शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता त्याने सीट उघडली. दोन तासांत तीन फ्यूज उडाले. प्रत्येक वेळी लेक वरून डोकावून विचारायची, "होतंय ना? शनिवार-रविवारची सहल ठरलीय हो." आणि तो म्हणायचा, "होतंय, होतंय."

होत काहीच नव्हतं. चौथा फ्यूज लावायची त्याची हिंमत झाली नाही. त्याने पिशवीतली एक तार काढली आणि फ्यूजच्या जागी तिचे दोन चिमटे लावले. बटण दाबताच गाडी सुरू झाली. दिवा लागला, हॉर्न वाजला. सीट लावली तर लाल पट्टीचं टोक बाहेर डोकावत होतं. त्याने ती आत खोचली, ती पुन्हा बाहेर आली. मग त्याने पट्टीचा टाका दाताने तोडला, पट्टी खिशात टाकली, वर जाऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "झाली."

"माहीत होतं मला," लेक म्हणाली.

सकाळी लवकर उठून नीट करू, असं त्याच्या मनात होतं. ती आठला निघणार होती. हे त्याने मनातल्या मनात इतक्यांदा घोकलं की ते खरंच होणार असं त्याला वाटायला लागलं.

"अहो, काय झालं सांगाल का?" बायकोने चहा बाजूला ठेवला.

"मी फ्यूज लावलेला नाही. तार लावलीय."

"कुठली तार?" असं विचारता विचारताच तिने खुंटीवरच्या पिशवीकडे पाहिलं. त्या पाचही पट्ट्या तिनेच शिवलेल्या होत्या. "तुम्ही? आणि तिच्या गाडीत?"

त्याने फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. गाडी चालवताना फोन उचलायचा नाही, ही शिस्त तिला कुणी लावली होती, हे वेगळं सांगायला नको.

फोन तिथेच फळीवर टाकून तो शेजारच्या शिंप्याकडे धावला. शिंपी दात घासत होता. "स्कूटरची किल्ली द्या, पोरगी अडचणीत आहे," एवढंच तो बोलला आणि शिंप्याने तोंडात ब्रश तसाच ठेवून किल्ली काढून दिली.

शिंप्याची स्कूटर म्हणजे नुसता आवाज. चाळीसच्या पुढे गेली की तिचं अंग थरथरायचं. रिकाम्या रस्त्यावरून तो ती दामटत होता आणि डोक्यात नको ते हिशेब चालले होते. फ्यूजचं काम काय? स्वतः मरायचं आणि पुढची तार वाचवायची. तो काढून टाकला की वीज अडवायला कुणी उरत नाही. वळणावर हँडल जरा जास्त फिरेल, उघडी तार लोखंडाला टेकेल आणि सीटखालची ती हातभर तार तापेल. पुढच्या वळणावर आणखी तापेल. तिच्यावर प्लास्टिकचं झाकण. वीतभर अंतरावर पेट्रोलची टाकी. आणि पोरी निघाल्या होत्या डोंगरावरच्या तळ्याला. तिथे रस्ता असा नाहीच, नुसती वळणंच आहेत. शिवाय लेकीच्या मागे तिची मैत्रीण बसलेली असणार. दुसऱ्याच्याही घरची मुलगी.

उस्ताद मयतीहून आला तेव्हा त्याचाही चेहरा असाच झाला होता का, असला विचार मनात आला आणि त्याने तो मोठ्याने शिवी घालून हाकलला.

शहर संपलं. दोन्ही बाजूंना मोकळं रान लागलं आणि लांब, रस्त्याच्या अगदी कडेला, काळा धूर दिसला. जाड, सरळ वर जाणारा. स्कूटर डावीकडे ओढली जायला लागली. तो काहीतरी बडबडत होता, काय ते त्याला नंतर आठवलं नाही. जवळ गेला तर दोन माणसं जुने टायर आणि पाचोळा पेटवून शेकत उभी होती.

"इकडून तीन मोटारसायकली गेल्या का? पोरी होत्या?"

"गेल्या की. मघाशीच," एक जण म्हणाला. "काका, पाणी पिता का? तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

तो न थांबता पुढे गेला. डोंगर सुरू होतो तिथे एक पेट्रोल पंप आहे. त्याच्यापुढे पंप नाही, वस्ती नाही, फोनलाही रेंज नाही. तिथे भेटल्या नाहीत तर पुढे काय, याचा विचार करायचाच नाही असं त्याने ठरवलं आणि सगळा वेळ तोच विचार केला.

पंपापासून बऱ्याच अंतरावर, हवा भरायच्या खोलीमागे, एक मोटारसायकल एकटीच उभी होती. तिची सीट जमिनीवर होती. बाकीच्या दोन गाड्या आणि तीन पोरी लांब कट्ट्यावर होत्या. चौथी, म्हणजे मुकादम, गाडीशेजारी उकिडवी बसली होती. डाव्या हाताचं बोट तिने पाण्याच्या बाटलीत बुडवलं होतं.

स्कूटर उभी करायचंही त्याला सुधरलं नाही. ती तशीच आडवी पडली आणि तिचा आरसा फुटला.

"लागलं का? कुठे लागलं? दाखव."

"बोट भाजलंय फक्त," लेक म्हणाली. तिने वर पाहिलं नाही. "मैत्रिणीलाही काही झालेलं नाही. बसा आधी. तुम्हाला फोन लावला तर आईने उचलला. तुम्ही निघालात म्हणाली."

तो मातीतच बसला.

"सकाळी तुमच्या पिशवीतला छोटा टॉर्च घेत होते," ती सांगायला लागली. "सवयीने तारा मोजल्या. चार. म्हटलं अंधारात चुकलं असेल, घाईत होते, निघाले. पण डोक्यातून जाईना. तुम्ही काल दवाखान्याच्या लिफ्टवर होतात ना? मला वाटलं, तार तिथेच राहिली. आता कुणीतरी पेशंटला घेऊन दारात उभं असेल. इथे आल्यावर मी पोरींना म्हटलं, थांबा, मला बाबांना फोन करायचाय, नाहीतर कुणाचा तरी जीव जाईल." ती थांबली. "म्हणून थांबले. नाहीतर आम्ही पंपावर थांबणारच नव्हतो. गाडी बंद केली आणि जळका वास आला. झाकण मऊ झालं होतं. सीट उघडली तर चिमटे ओळखीचे. घाईत तसाच हात घातला."

शेजारी दगडावर तार ठेवली होती. तिचं वरचं आवरण वितळून काळं झालं होतं आणि त्याला प्लास्टिकचा तुकडा चिकटला होता.

"माझ्या गाडीत असेल हे मनातसुद्धा आलं नाही, बाबा," ती म्हणाली.

याच्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लिफ्टवाला उठला, पंपावरच्या माणसाकडून चिकटपट्टी मागून आणली आणि हँडलच्या मानेपाशी तारांचा जुडगा सोडवला. दोष तिथेच होता. नखाएवढं तांबं उघडं पडून चमकत होतं. त्याने वेढे दिले, जुडगा लोखंडापासून लांब बांधला, आजूबाजूच्या तारा एकेक करून तपासल्या आणि खिशातला फ्यूज काढायला हात घातला. फ्यूजबरोबर लाल पट्टी बाहेर आली.

लेकीने ती पाहिली.

"ही का काढलीत?"

सांगायला पुष्कळ होतं. घाई होती, ती अडकत होती, सकाळी लावणारच होतो.

"तुला दिसली असती," तो म्हणाला.

"दिसायलाच असते ना ती?"

त्याने फ्यूज बसवला. सीट लावली. गाडी सुरू झाली. दोघांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-बारा वेळा फिरवून पाहिलं. फ्यूज टिकला. कट्ट्यावरच्या पोरी उठून जवळ आल्या, एकीने हेल्मेट डोक्यावर चढवलं. लेक मात्र गाडीवर बसली नाही. तिने आपलं हेल्मेट वडिलांपुढे धरलं.

"पहिली फेरी तुमची."

लिफ्टवाला गाडीवर बसला. डोंगराच्या रस्त्याने तो सात वळणं वर गेला, एकटा, आणि प्रत्येक वळणावर वेग कमी करून मुद्दाम हँडल पुरतं फिरवलं. खाली दरी होती. त्याला सगळा वेळ भीती वाटत होती आणि ती वाटायलाच हवी, असंही वाटत होतं. परत येऊन त्याने इंजिन बंद केलं, सीट उघडली, आतल्या तारेला हात लावून पाहिला. थंड होती. मग लेकीचाही हात धरून त्याने तिथे लावला.

"जाऊ?" तिने विचारलं.

"तू सांग," तो म्हणाला.

ती गेली. जाताना तिने जळकी तार आणि लाल पट्टी दोन्ही उचलून आपल्या पिशवीत टाकल्या. रविवारी संध्याकाळी ती परत येईपर्यंत तो जिन्याखाली स्टूल टाकून बसला होता, आणि कुणी विचारलं की शिंप्याच्या स्कूटरचा आरसा बसवतोय म्हणून सांगत होता.

नवी तार करायला कितीसा वेळ लागतो? पण त्याने केली नाही, आणि बायकोनेही पट्टी शिवून दिली नाही. तो आता चारच तारा घेऊन कामाला जातो. संध्याकाळी लेक दार अडवून उभी राहते.

"किती?"

"चार," तो म्हणतो आणि पिशवी उघडून तिच्यापुढे धरतो.