मागच्या सीटवरचे बाजारभाव

दिगंबर सोनकांबळे गेल्याची बातमी मला त्याच्या मुलीने फोनवर दिली. सकाळचे साडेसात वाजले होते आणि मी नांदेडला घरी पेपर चाळत बसलो होतो. सुजाता ही त्याची एकुलती मुलगी, तो राहायचा त्या अहमदपूरलाच शिक्षिका आहे. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली. आणि त्याला जोडूनच, "आज आजीच्या डायलिसिसचा दिवस आहे. तिला कसं न्यायचं तेच कळंना झालंय..." आयुष्य बातमीदारीत गेल्यामुळे मृत्यूची बातमी आली की वेळ, ठिकाण आणि कारण विचारायची सवय जडली आहे. मी तिन्ही गोष्टी विचारल्या. पहाटे, राहत्या घरी, हृदयविकाराने. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिने सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी दिगंबरला दुसरीच जास्त महत्त्वाची वाटली असती.

नांदेडला कॉलेजात असताना आम्ही तीन वर्षं एका खोलीत राहिलो. रविवारी सायकलवरून विष्णुपुरीला जायचो, धरणाच्या बाजूला बसायचो आणि परत यायचो. त्या अख्ख्या वेळात दिगंबर जेमतेम दहा वाक्यं बोलायचा. त्याचे वडील लवकर गेले होते. आई, जिला मीही पुढे मायच म्हणू लागलो, अहमदपूरच्या मोंढ्यात कामाला होती. धान्य चाळायचं, निवडायचं, पोत्यांतून सांडलेलं झाडून एका जागी करायचं, हे तिचं काम. तुरीची मूठ हातात घेऊन ती माल किती दिवसांचा आहे ते सांगायची. आडते तिला गमतीने विचारायचे आणि मग तिच्या सांगण्यावर भाव बोलायचे. स्वतःचं पोतं तिने मोंढ्यात कधी आणलं नाही, कारण जमीनच नव्हती. पण आज तूर काय निघाली आणि आवक किती झाली, हे ऐकल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

दिगंबर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाला आणि मुखेड तालुक्यात मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला. शाळेतली त्याची एक पद्धत मी दोन-तीनदा पाहिली आहे. मूल फळ्यापाशी उभं राहून धडा वाचायचं आणि दिगंबर सर्वांत मागच्या बाकावर जाऊन बसायचा. तिथे ऐकू आलं नाही तर वाचन पुन्हा. मागे बसणाऱ्यालाही सगळं ऐकू गेलं पाहिजे, असं तो म्हणायचा. या विषयावर मी त्याच्याकडून ऐकलेलं हे सर्वांत लांब भाषण. शाळेत दिवसभर बोलून तो घरी आला की मात्र गप्प. बायको होती तोवर ती दोघांच्या वाटचं बोलायची. ती गेल्यावर घरात टीव्ही बोलू लागला.

मायची मूत्रपिंडं निकामी होत चालल्याचं निदान झालं आणि आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस सुरू झालं, तेव्हा त्याने गाडी घेतली. लातूरच्या एका डॉक्टरांची जुनी, पांढरी, डिकीवाली गाडी. इंजिन ठणठणीत होतं, पण मागच्या काचेखालच्या फळीवर बसवलेले दोन्ही स्पीकर गेले होते. अशा गाड्यांत ते जातातच. वर्षानुवर्षं काचेतून ऊन पडतं, आतला कागद वाळतो आणि कडेने फाटतो. पुढचा एक स्पीकर कसाबसा चालत होता. परतताना संध्याकाळी रेडिओवर बाजारभाव लागायचे. माय मागच्या सीटवर आडवी पडलेली असायची. पुढचा आवाज इंजिनाच्या घरघरीत तिच्यापर्यंत पोचत नसे. मग दिगंबर एकेक भाव ऐकायचा आणि मान थोडी मागे वळवून तिला मोठ्याने सांगायचा. सोयाबीन अमुक. तूर अमुक. हरभरा अमुक. ती लगेच विचारायची, "आन आवक?" तेवढ्यात ट्रक आडवा गेला किंवा खड्डा आला, तर त्याचं ऐकायचं राहून जायचं. तेव्हा तो न डगमगता सांगायचा, "कालच्याएवढीच." माय म्हणायची, "तू मोंढ्यात असतास तर आडत्यानं दुसऱ्या दिशीच हाकलला असता."

पण मागच्या बाकावर ऐकू येत नाही, ही गोष्ट दिगंबरला सहन होणारी नव्हती. एका फेरीत, माय डायलिसिसला असताना, त्याने गाडी सलीमभाईंकडे नेली. सलीमभाईंचं लातूरला गाड्यांच्या टेपचं छोटं दुकान आहे. त्यांनी फळीवरची जाळी उघडली, फाटके स्पीकर काढले आणि त्याच मापाचे नवे बसवले. त्या संध्याकाळी बाजारभाव थेट मायच्या डोक्यामागून निघाले. दिगंबर समाधानाने गप्प बसून गाडी चालवत राहिला. महिन्याभरात माय म्हणाली, मागं नीट ऐकू येईना. त्याने स्पीकर बदलून मोठे बसवले. पुन्हा काही दिवसांनी तीच तक्रार. सलीमभाई म्हणाले, "सर, इस्पीकर एकदम ओके हाय, उगं बदलू नका." त्याने तिसरी जोडी बसवली. कान तपासणाऱ्या डॉक्टरांकडेही मायला नेऊन आणलं. त्यांनी वयाच्या मानाने कान उत्तम असल्याचं सांगितलं.

हे सगळं त्याने मला फोनवर सांगितलं, तेही तुटक. माझ्यातला बातमीदार जागा झाला. मी एस.टी.ने अहमदपूरला गेलो, त्यांच्याबरोबर लातूर केलं आणि परतताना मुद्दाम मागे, मायच्या पायाशी बसलो. बाजारभाव लागले. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू येत होता. मायचे डोळे मिटलेले होते, पण तुरीचा भाव चढा निघाला तेव्हा तिच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या. चाकूरला आम्ही चहाला थांबलो. माय गाडीतच होती. मी दिगंबरला सांगितलं, की स्पीकर उत्तम आहेत आणि माझ्या मते तिला सगळं ऐकू येतं. त्याने कप बशीत ठेवला. वळून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं. आता ह्याची बातमी करत बसू नको."

त्यानंतर त्याने चौथी जोडी बसवली नाही. पुढे दोन-तीनदा मी त्यांच्याबरोबर गेलो. मागून आवाज येत नव्हता आणि दिगंबर पूर्वीसारखाच मान वळवून भाव सांगत होता. स्पीकर पुन्हा गेले असावेत, असं मी धरून चाललो. विचारलं मात्र नाही. सगळ्या गोष्टींची खात्री करून घेणाऱ्या माझ्यासारख्या बातमीदाराकडून ही एक चूक राहिली.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला शाळेतले जुने विद्यार्थी मोठ्या संख्येने आले होते. माय भिंतीला टेकून बसली होती. कोणी भेटायला वाकलं की त्याचं गाव विचारत होती. तिला रडताना मी पाहिलं नाही. डायलिसिस तर थांबवता येत नव्हतं. पहिले काही दिवस शेजाऱ्यांनी नेलं, मग सुजाता स्वतः गाडी चालवू लागली. तिचं सगळं लक्ष रस्त्यावर असायचं आणि मागे माय नुसती पडून असायची. दोन्हीकडचा प्रवास एकही शब्द न बोलता होतो, असं सुजाताने मला सांगितलं. निदान आजीला रेडिओ तरी ऐकू यावा म्हणून मागचे स्पीकर बदलून घ्यायचे तिने ठरवलं. दुकान तिला माहीत नव्हतं, म्हणून मी बरोबर गेलो.

डायलिसिस आटोपून आम्ही सलीमभाईंच्या दुकानासमोर थांबलो. माय मागच्या सीटवर होती. सलीमभाईंनी आधी दिगंबरची चौकशी केली. तो गेल्याचं कळल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. मग त्यांनी डिकी उघडली आणि आत वाकून बॅटरीचा उजेड वर फळीच्या खालच्या बाजूला टाकला. दोन्ही स्पीकर कोरे दिसत होते. त्यांच्या तारा काढलेल्या होत्या, टोकांना काळी टेप घट्ट गुंडाळून एका बाजूला बांधलेल्या.

"हे सरांनीच करायला लावलं," सलीमभाई म्हणाले. "मी म्हणलो, सर, तारा कशाला काढता, बटणानं आवाज पुढं घ्या. तर म्हणाले, बटण कुणीबी फिरवतं. आन कुणाला सांगू नका म्हणाले." ते सुजाताकडे वळले. "जोडू का, ताई?"

सुजाताने मान डोलावली. तेवढ्यात फळीपलीकडून, सीटवरून मायचा आवाज आला.

"नगं जोडू, भाई."

आम्ही पुढे जाऊन दार उघडलं. माय उठून बसली होती. "मला पयल्यापासून ऐकू येतंय," ती म्हणाली. "फाटके होते तवा दिगू बोलायचा. नवे बसवले आन त्यो गप झाला. एवढ्या मोठ्या हेडमास्तरला, बाबा माझ्यासंगं बोल, असं कसं म्हणावं?... म्हणून म्हणलं, ऐकू येईना." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "चाकूरला तुम्ही च्या प्यालात न्हाई का, त्येच्या पुढच्या फेरीपासून पुन्हा बोलाय लागला. मी बी काय इचारलं न्हाई."

सलीमभाईंनी टेपची दोन्ही टोकं दाबून बघितली आणि डिकी लावली.

परतताना मी पुढे बसलो. चाकूर मागे पडल्यावर बाजारभाव लागले. सुजाताने सोयाबीन आणि तूर ऐकून घेतली. मग गळा साफ करून, रस्त्यावरची नजर न हलवता, तिने मोठ्याने सांगितलं, "आजी, सोयाबीन उतरलंय. तूर हाय तिथंच हाय."

"आन आवक?" मागून आवाज आला.

नेमका तेव्हाच समोरून उसाचा ट्रॅक्टर आला होता. त्याच्या कर्ण्यात पुढचं सगळं बुडालं. मलाही ऐकू आलं नाही. सुजाताने गाडी कडेला घेतली, ट्रॅक्टर जाऊ दिला, गिअर टाकला.

"कालच्याएवढीच," ती म्हणाली.

मागून माय म्हणाली, "हाव."