माझी बाजू प्रल्हादकडे होती

धुळ्यात पेपर तपासायला गेलो होतो, तिथेच वहिनींचा फोन आला. "भाऊ, हे गेले..." प्रल्हाद, जळगावच्या कॉलेजात माझ्या शेजारच्या टेबलावर सगळी नोकरी काढलेला मित्र, एरंडोलच्या घरी चहा घेता घेता गेला. दीड महिना होत आला. खरं सांगतो, दुःखापेक्षा मला त्याचा राग जास्त येतो. आमचं काम अर्धवट टाकून गेला.

भांडण जुनं. लोखंडी पट्टीला तडा गेला तर तो पुढे कुठे सरकेल, हे संगणकावर काढायचं. प्रल्हाद म्हणायचा, पट्टीवर चौकटींची जाळी टाका आणि तड्याजवळच्या चौकटींना तड्याचं जादा गणित शिकवा. मी म्हणायचो, जाळीच नको; नुसते बिंदू पसरा, तडा हवा तिकडे जाऊ दे. शेवटी दोन्ही पद्धती त्याच पट्ट्यांवर तपासून लेख लिहायचं ठरलं, आणि तिथे त्याने खोडी काढली. जो ज्या पद्धतीचा कैवारी, त्याने ती चालवायचीच नाही! माझे बिंदू त्याने घेतले, त्याच्या चौकटी माझ्या गळ्यात मारल्या. वर हसून अहिराणीत म्हणाला, "भाऊ, तुनी पद्धत मना हातमा शे, मनी तुना हातमा. आते लबाडी कोन करी?"

लबाडी कोणीच केली नाही, तिथेच घोडं अडलं. माझे बिंदू पट्टीच्या कडेला नीट बसेनात म्हणून त्याने अख्खी उन्हाळी सुट्टी घालवली. मी त्याच्या अर्धवट शिकलेल्या चौकटींशी झटत बसलो. "आता पाठवू या लेख," म्हटलं की याचं ठरलेलं, "अजून एक पट्टी." इतका वैताग यायचा!... आता चौकटींचं सगळं झालंय, बिंदूंची शेवटची पट्टी तेवढी राहिलीय. ती मी चालवली तर आमची अट मोडते, नाही चालवली तर एवढ्या वर्षांचं काम मातीत जातं. सांगा, काय करू?

परवा वर्गात एका मुलीने विचारलं, "सर, दोन्हींत चांगली पद्धत कोणती?" मी तावातावाने चौकटींची बाजू मांडू लागलो. जाळी एकदाच टाकायची, वेळ कमी लागतो, कडा सांभाळायला सोप्या... सगळं त्याचंच बोलणं. मग सवयीने खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळलो. हा तास आम्ही दोघं मिळून घ्यायचो, वर्गातही तीच अदलाबदल. मी थांबलो की तिथून उठून तो बिंदूंसाठी भांडायचा.

खुर्ची रिकामी होती. माझी बाजू मांडायला वर्गात कोणीच नव्हतं.